कचेरीचा वारस

सांगोल्यात वारसाच्या प्रश्नावर बोलावयाचे तर इसवी सन 1750 पासून आरंभ करणे भाग आहे. त्या साली या गावी जे घडले ते शालेय इतिहासात 'सांगोल्याचा करार' म्हणून एका ओळीत येते आणि परीक्षेनंतर विसरले जाते. छत्रपती शाहूमहाराज 15 डिसेंबर 1749 रोजी निवर्तले. त्यांच्या मागे पुत्र नव्हता. रामराजे गादीवर आले. पण दौलतीचा कारभार कोणी पाहावयाचा, याविषयी सातारा दरबारातील कोणाचेच एकमत नव्हते. शाहूमहाराजांनी अखेरच्या दिवसांत पेशव्यांस स्वहस्ते लेख दिले होते, हे खरे. परंतु ते लेख इतर मानकऱ्यांच्या गळी उतरविण्यास महाराजांना अवधी मिळाला नाही. पुढे प्रतिनिधींचे मुतालिक यमाजी शिवदेव सांगोल्याचा किल्ला धरून बसले, सदाशिवरावभाऊ फौजेनिशी त्यांच्यावर चालून आले, आणि येथेच रामराजांनी राज्याचा सारा कारभार पेशव्यांच्या हाती देण्यास संमती दिली. साताऱ्याभोवतालचा थोडा मुलूख आपल्याकडे राहावा एवढीच त्यांची अट होती. ग्रँट डफ सांगतो की तीही पुढे पाळली गेली नाही.

राज्याच्या गोष्टी बोलण्याचा आमचा अधिकार नाही आणि आजचा विषयही तो नव्हे. आमचा विषय त्या मानाने फार लहान आहे : वकील, हिशेबतपासनीस, करसल्लागार, वास्तुविशारद, डॉक्टर अशा बुद्धिजीवी व्यावसायिकाने उभ्या केलेल्या खाजगी पेढीचे त्याच्या मागे काय होते? परंतु गाठ तीच आहे. गादी एकाकडे जाते, कारभार जाणणारा दुसराच असतो, मूळ पुरुषाने काही लिहिले असले तरी ते इतरांना पटलेले नसते, आणि निकाल लागतो तो ज्याच्या हाती त्या घटकेस फौज आहे त्याच्या बाजूने. आमच्या पेढ्यांतील फौज म्हणजे अशिलांची यादी.

किराणा दुकानाचा मालक वारला तर चौदाव्या दिवशी मुलगा गल्ल्यावर बसतो. फळीवरची साखर बाप असताना जशी गोड होती तशीच मुलाच्या हातूनही गोड लागते. शेताचेही तसेच, सातबाऱ्यावर वारसांची नावे चढली की डाळिंबाची बाग त्यांची. परंतु वकिलाच्या कचेरीत विकण्याजोगा माल कोठे असतो? भिंतीला लावलेली कायद्याची बाडे जुनी होतात. टेबलखुर्चीला भंगाराचा भाव. माल होता तो त्या गृहस्थाच्या डोक्यात, त्याच्या सहीत, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यातून येऊन त्याच्या बाकावर निमूट बसणाऱ्या माणसाच्या मनात.

आमच्या समाजाला ही गोष्ट नीट उमगत नाही, याचे एक कारण इतिहासात आहे असे आम्हांस वाटते. शतकानुशतके आपल्याकडे विद्येचे आणि लेखणीचे काम वतनाने चालले. कुळकर्ण्याचा मुलगा कुळकर्णी, देशपांड्याचा देशपांडे. मुलाला दप्तर सांभाळता येते की नाही हा प्रश्न दुय्यम. न आले तर गुमास्ता किंवा मुतालिक ठेवावा, हक्क मात्र घराण्याचा. मुंबई राज्याने 1950 च्या कायद्याने परगणे व कुळकर्णी वतने रद्द केली आणि त्या व्यवस्थेवर पडदा पडला. कायद्याच्या पुस्तकातून वतन गेले तरी घरातून ते गेलेले नाही. 'एवढी प्रॅक्टिस उभी केली, आता मुलाने दुसरीकडे कशाला जायचे?' हे वाक्य ज्या घरी डॉक्टर किंवा वकील आहे त्या घरी आपण सर्वांनी ऐकले आहे. बोलणाऱ्याच्या मनात त्या क्षणी वतनच असते.

वस्तुतः व्यावसायिक पेढीत तीन निरनिराळ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. पहिली म्हणजे पैसा : गुंतवलेले भांडवल, येणे बाकी, जागा, सामान. दुसरी सनद, म्हणजे ते काम करण्याचा आणि त्यावर सही करण्याचा कायदेशीर अधिकार. तिसरी अशिलाचा विश्वास. मालक हयात असेपर्यंत तिन्ही एकाच माणसात असल्यामुळे त्या वेगळ्या आहेत हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. त्याचे डोळे मिटले की त्या तीन दिशांना जातात. पैसा 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसल्यास, पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांच्यात सारखा वाटला जातो. सनद त्याच क्षणी संपते. ती कोणालाच मिळत नाही. आणि विश्वास? त्याचा सातबारा अद्याप कोणी तयार केलेला नाही.

आमच्या पाहण्यातील एक प्रकार सांगतो. गाव आणि नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. आमचे एक स्नेही हिशेबतपासनीस होते, एकट्याच्या नावाने कचेरी चालवीत. तीस वर्षांचे काम, पंचक्रोशीत शब्दाला मान. मुलगा पुण्यास संगणक कंपनीत. कचेरीत एक हुशार साहाय्यक, तोही परीक्षा उत्तीर्ण झालेला. 'पुढेमागे तुला भागीदार करू' असे त्याला आठ वर्षे ऐकविले जात होते. स्नेही हृदयविकाराने अचानक गेले, तेही सप्टेंबरात, लेखापरीक्षेचे अहवाल भरण्याच्या ऐन हंगामात. दुसऱ्या महिन्यात साहाय्यकाने समोरच्याच गल्लीत स्वतःची पाटी लावली. त्याला दोष देण्यास आम्ही तयार नाही. अशिलांचे अहवाल मुदतीत भरणे आवश्यक होते आणि त्याला अडविणारा कागदच नव्हता. आम्ही भेटावयास गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, कपाटं भरलेली आहेत. पण यातलं विकण्यासारखं काय आहे, ते तुम्हीच सांगा." आम्ही पाहिले. तसे काहीच उरले नव्हते.

वास्तविक होते, पण त्याला मुदत होती, आणि ती घरात कोणालाच ठाऊक नव्हती. सनदी लेखापालांच्या संस्थेचा याबाबतचा नियम स्पष्ट आहे. एकट्याने चालविलेल्या कचेरीचा मालक वारला तर त्याच्या वारसांना त्या कचेरीचा नावलौकिक दुसऱ्या सनदी लेखापालास विकता येतो. मात्र विक्रीचा सारा व्यवहार मृत्यूपासून एक वर्षाच्या आत पुरा झाला पाहिजे आणि ते नाव वापरण्याची परवानगीही त्याच मुदतीत मागितली पाहिजे. पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची. किंमत ठरवून ती हप्त्याहप्त्याने घेता येते. परंतु 'दरवर्षी जी फी जमेल तिच्यातला अमुक हिस्सा बाईंना द्या' असा करार चालत नाही. विधवेने किंवा मुलाने, तो स्वतः सनदधारक नसताना, विकत घेणाऱ्याच्या फीत वाटेकरी होणे नियमबाह्य आहे.

आता याच कायद्याची दुसरी बाजू पाहा. 1949 च्या सनदी लेखापाल कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत फीची वाटणी बाहेरच्या माणसाशी करण्यास मनाई आहे, परंतु त्या मनाईतून निवृत्त भागीदार आणि मृत भागीदाराचे वारस वगळलेले आहेत. म्हणजे तीच बाई, तोच नवरा, तेच काम. नवरा भागीदारीत असता आणि भागीदारीपत्रात तशी तरतूद असती, तर तिला पेढीच्या उत्पन्नातून काही वर्षे हिस्सा मिळू शकला असता. नवरा एकटा होता म्हणून नाही. आमच्या स्नेह्यांनी त्या साहाय्यकाला शब्दाऐवजी कागद दिला असता तर दोन्ही घरे वाचली असती. तालुक्याच्या गावी बहुतेक कचेऱ्या एकेकट्याच्या नावाने चालतात. या एका मुद्द्यासाठी तरी त्या सर्वांनी थोडा विचार करावा.

वकिलांची स्थिती याहून कठीण. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे वकीलपत्र वकिलाच्या मृत्यूबरोबर संपते. अशिलाने नवे द्यावे लागते. मुलगा वकील असला तरी त्यालाही नव्याने. जे वकील नाहीत त्यांच्याशी फीची वाटणी करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. कागदपत्रांचे म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली निर्वाळा दिला आहे की फी थकली म्हणूनही वकिलाला अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. जे हयात वकिलाला अडवता येत नाहीत ते त्याच्या वारसांना कोठून अडवता येणार? अशील दारात येऊन 'माझे कागद द्या' म्हणाला की ते द्यावयाचे. डॉक्टरांच्या बाबतीत इमारत आणि यंत्रसामग्री यांची किंमत मोठी असल्यामुळे पैशाचा भाग निराळा होतो, पण सनदेचे आणि विश्वासाचे गणित तेच.

यावर लोक म्हणतात, 'मग भागीदारी करून टाकू.' ठीक आहे. पण भागीदारी म्हणजे पाटीवर दुसरे नाव रंगविणे नव्हे. 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे, उलट करार नसेल तर, एका भागीदाराच्या मृत्यूने पेढीच विसर्जित होते. म्हणून भागीदारीपत्रात 'मृत्यूने पेढी मोडणार नाही' असे कलम घालतात. परंतु भागीदार दोनच असतील तर ते कलमही निरुपयोगी आहे. एकटा माणूस स्वतःशीच भागीदारी कशी करणार? सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्ये सेठ गोविंदराम शुगर मिल्सच्या प्रकरणात नेमके हेच सांगितले. तेव्हा बाप आणि मुलगा, किंवा वरिष्ठ आणि कनिष्ठ, अशा दोघांच्या पेढीने तिसरा भागीदार शोधावा, किंवा एक गेल्यास दुसऱ्याने काय आणि किती द्यावयाचे ते आकड्यांत लिहून ठेवावे. 2008 च्या कायद्याने आलेली एलएलपी ही व्यवस्था या बाबतीत सोयीची आहे; भागीदाराच्या मृत्यूने ती संपत नाही. पण तिलाही किमान दोन भागीदार लागतातच, आणि विश्वासाचा प्रश्न तिनेही सुटत नाही.

दुसरी मेख नावलौकिकाची. मुंबईतील मुकादमी-दलालीच्या एका पेढीचा खटला 1970 मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाला. भागीदारीपत्रात मृत्यूनंतर पेढी चालू राहील असे लिहिले होते, त्यावरून उरलेले भागीदार म्हणू लागले की मृताच्या वारसांना नावलौकिकात हक्क नाही. न्यायालयाने ते मानले नाही : नावलौकिक ही पेढीची मालमत्ता आहे आणि करारात तसे वगळलेले नसेल तर वारसांचा त्यात हिस्सा आहे. शिवाय ज्यांचा हिशेब चुकता न करता पेढी चालू ठेवली जाते, त्या वारसांना कायद्याचे 37 वे कलम निवड देते : आपल्या भागाच्या वापरातून झालेल्या नफ्याचा वाटा घ्या, नाहीतर त्या रकमेवर द. सा. द. शे. 6 टक्के व्याज घ्या. हे कलम ठाऊक असलेली विधवा आणि ठाऊक नसलेली विधवा यांच्या पदरात पडणाऱ्या रकमेत किती अंतर पडेल, याचा वाचकांनीच विचार करावा.

तालुक्याच्या लहान कचेऱ्यांचेच असे होते, असे मात्र समजू नये. मुंबईत 1917 साली स्थापन झालेली अमरचंद मंगलदास ही वकिलांची पेढी देशातील सर्वांत मोठ्यांपैकी एक झाली होती. तिचे सूत्रचालक दोघे भाऊ, एक दिल्लीत, एक मुंबईत. दोघेही निष्णात, दोघांनीही ती वाढविली. आईच्या मृत्यूनंतर पेढीतील तिच्या हिश्श्याविषयीच्या मृत्युपत्रावरून वाद झाला, तो मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, मध्यस्थी झाली, आणि मे 2015 मध्ये शंभरीला आलेल्या पेढीच्या दोन पेढ्या झाल्या : दिल्लीची एक, मुंबईची एक. जन्मभर दुसऱ्यांचे करार आणि कौटुंबिक वाटणीपत्रे लिहून देणाऱ्यांच्या घरी हे घडले. न्हाव्याचे केस वाढलेले असतात म्हणतात त्यातलाच हा प्रकार, असे कोणी म्हणेल. आम्ही तितके सोपे मानीत नाही. पेढी वाटता आली ती दोघांच्याही हाताखाली स्वतंत्र कचेरी, स्वतंत्र अशील आणि स्वतंत्र सहकारी तयार होते म्हणून. तसे नसते तर वाटणीऐवजी विध्वंसच झाला असता.

उलट बाजूचे उदाहरण जवळच, मिरजेस आहे. कुर्डुवाडी-मिरज लोहमार्गाने सांगोल्याचे किती रुग्ण तेथे गेले असतील त्याची गणती नाही. डॉ. विल्यम वान्लेस यांनी 1894 मध्ये तेथे रुग्णालय उभारले आणि 1928 मध्ये ते निवृत्त झाले. त्यांच्या मागे डॉ. व्हेल यांनी धुरा घेतली. ते काही ऐनवेळी आणलेले परके नव्हते. वर्षानुवर्षे त्याच इमारतीत शस्त्रक्रिया करून रुग्णांच्या ओळखीचे झालेले होते. अर्थात मालकी मिशनची असल्यामुळे वान्लेससाहेबांच्या वारसांचा प्रश्नच नव्हता, आणि खाजगी पेढीला तो असतो, हा फरक लक्षात घेतलाच पाहिजे. दुसरे उदाहरण बाळासाहेब खेरांचे. त्यांनी 1918 मध्ये मुंबईत सॉलिसिटरांची पेढी काढली. पुढे ती मणिलाल खेर अंबालाल या नावाने ओळखली गेली. खेर 1937 मध्ये मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले, 1946 ते 1952 मुख्यमंत्री राहिले. पेढी काही बंद पडली नाही. मूळ पुरुष हयात असतानाच त्याच्यावाचून चालावयास शिकणे ही पेढीच्या दृष्टीने तुरुंगवासाची आणि राजकारणाची अनपेक्षित देणगीच म्हणावयाची.

आता पैशाकडे वळू. या भागात सर्वाधिक गैरसमज आहेत. समजा, एका कचेरीची वर्षाची फी 30 लाख रुपये आहे आणि पगार, भाडे, संगणक वगैरे खर्च 18 लाख. उरतात 12 लाख. मालकाचा मुलगा मनात म्हणतो, वर्षाला बारा लाख देणारी गाय, हिची किंमत कोटभर तरी असावी. पण या 12 लाखांत मालकाची स्वतःची मजुरी दडलेली आहे. तो सकाळी नऊ ते रात्री नऊ राबतो. त्याच्या जागी तितकाच लायक माणूस पगारावर ठेवला तर, धरून चाला, 8 लाख लागतील. मग पेढीची म्हणून जी मिळकत आहे ती 4 लाखांचीच. तिची तीन वर्षांची खरेदी धरली तर नावलौकिकाची किंमत 12 लाख. तीन हा आकडा काही वेदवाक्य नव्हे. अशील टिकाऊ असतील तर जास्त, एकाच साखर कारखान्यावर किंवा एकाच पतसंस्थेवर कचेरी अवलंबून असेल तर कमी. त्यात वसूल होण्याजोगी येणे बाकी मिळवा. जुन्या वहीत 6 लाख येणे दिसले तरी त्यातले दोन लाख देणारे कोर्टाच्या पायरीशिवाय देणार नाहीत, हे प्रत्येक कारकुनाला तोंडपाठ असते.

घरच्यांनी हा हिशेब मालक जिवंत असतानाच ऐकणे बरे. बापाने सांगितलेले 12 लाख मुलगा मुकाट्याने मानतो. तेच 12 लाख बापाच्या मागे भागीदाराने सांगितले की त्याला चोर ठरविले जाते. भागीदारांनी एकमेकांच्या आयुष्याचा विमा उतरवून ठेवला तर वारसांना द्यावयाची रक्कम त्यातून उभी राहते आणि कचेरीच्या रोकडीला हात लागत नाही. मोठ्या शहरांत हे सर्रास होते. आपल्याकडे पीकविमा कळतो, हा कळत नाही.

विकत घेणाऱ्या कनिष्ठाकडे पैसा कोठून येणार, असा रास्त प्रश्न विचारला जातो. तो बाहेरून क्वचितच येतो. पेढीतूनच यावा लागतो. वरिष्ठाने अठ्ठावन्नाव्या वर्षी शेकडा 75 हिश्श्यापासून आरंभ करून दरवर्षी पाच पाच कमी करीत जावे, तर पासष्टाव्या वर्षी त्याचा हिस्सा शेकडा 40 वर येतो. कनिष्ठाचा वाटा तेवढाच वाढत गेलेला असतो आणि त्या वाढीतून तो किंमत चुकती करीत जातो. वरिष्ठाला हे कठीण जाते. आकडा कमी होण्यापेक्षा मान कमी होण्याचे भय जास्त. मॅकिन्झी या अमेरिकन सल्लागार पेढीच्या मार्विन बॉवर यांनी 1963 मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, आपले भाग सहकाऱ्यांना केवळ पुस्तकी किमतीस विकले. बाजारभावाने त्यांना कितीतरी पट मिळाले असते. परंतु तसे केले तर पुढची पिढी कर्जात बुडेल आणि पेढी तिच्या हातून निसटेल, असा त्यांचा हिशेब होता. आम्ही आपल्याकडच्या वकील-डॉक्टरांना इतका त्याग सुचवीत नाही. त्यांच्या मागे निवृत्तिवेतन नाही, आणि म्हातारपणाची तरतूद पेढीतूनच व्हावयाची असते. फक्त एवढेच म्हणतो की विकत घेणारा मोडून पडेल अशी किंमत ही कोणालाच न मिळणारी किंमत होय.

पैशापेक्षा अवघड काम अशिलाचा विश्वास दुसऱ्याच्या हाती देण्याचे. सांगोला तालुक्यात डाळिंबाची गुटी कशी बांधतात हे आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही. फांदी झाडावर असतानाच साल काढावयाची, ओले शेवाळ बांधावयाचे, आणि आत मुळ्या दिसू लागल्याखेरीज फांदीला धक्का लावावयाचा नाही. पुढेही जाणता माळी एका घावात तोडीत नाही. आधी अर्धा काप देतो आणि काही दिवस थांबतो. आमच्या कचेऱ्यांत याच्या उलट चालते. म्हातारा शेवटपर्यंत कात्री लावू देत नाही, आणि एके दिवशी फांदी वादळाने मोडून पडते. मग तीच मातीत खोचून पाणी घालीत बसतात.

प्रत्यक्षात हे कसे करावयाचे? प्रथम कनिष्ठ नुसता शेजारी बसतो. पाटीलसाहेब आले की त्यांची ओळख करून दिली जाते, 'हे आमचे साहाय्यक' अशी नव्हे, 'हे आमचे भागीदार' अशी. या एका शब्दाच्या फरकाने अशिलाची नजर बदलते. पुढच्या वर्षी पत्रे आणि सह्या कनिष्ठाच्या. त्याच्या पुढच्या वर्षी अशील आला असता वरिष्ठाने मुद्दाम घरी राहावे. ही शेवटची पायरी बहुतेकांच्या हातून चुकते, कारण अशील फोन करून 'साहेब, तुम्ही नसलात तर आम्ही परत जातो' म्हणतो आणि साहेबांना ते गोड लागते. आम्ही स्वतः या मोहाला अनेकदा बळी पडलो आहोत, तेव्हा दुसऱ्याला हसण्याचे कारण नाही.

मुलगा की साहाय्यक, हा प्रश्न ज्या घरी येतो तेथे तो रात्रीच्या जेवणापर्यंत पोचतो. मुलाकडे सनद असेल आणि कामाची आवड असेल तर आनंदच आहे. मात्र ज्याने पंधरा वर्षे कचेरी सांभाळली त्या साहाय्यकाच्या डोक्यावर पहिल्याच दिवशी मुलाला बसविले तर साहाय्यक जातो, आणि त्याच्याबरोबर कोणते अशील जातात ते चार महिन्यांत कळते. मुलाने आधी बाहेर, दुसऱ्याच्या हाताखाली, पुण्यास किंवा सोलापुरास काही वर्षे काढावीत. परत आल्यावर कनिष्ठ म्हणून आरंभ करावा. मुलाकडे सनद नसेल तर त्याला पेढीचा मालक करण्याचा विचार सोडून द्यावा आणि पैशाचा वाटा मृत्युपत्रात स्पष्ट लिहावा. मुलीही आता वकील, डॉक्टर, लेखापाल होत आहेत. 'ती काय, सासरी जाणार' म्हणून वारसाच्या यादीतून तिचे नाव मनातल्या मनात खोडणारे बाप आम्हांला अजून भेटतात. ज्या घरी सनदधारक मूल एकच आणि ते मुलगी, तेथेही हेच होते, तेव्हा बोलणे खुंटते.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट सांगितली पाहिजे. पूर्वी मालक गेला तरी कपाटाची किल्ली जानव्याला किंवा उशीखाली सापडे. आता अर्धी कचेरी संकेतशब्दांच्या मागे कुलूपबंद आहे. अशिलांच्या विवरणपत्रांचे, ई-मेलचे, बँकेचे पासवर्ड मालकाच्या डोक्यात, आणि त्यांवर येणारे ओटीपी त्याच्या मोबाइलवर. त्याची डिजिटल सही कायद्याने त्याची एकट्याची. त्याच्या मृत्यूनंतर तो टोकन यंत्रात घालून सही करणे हा अपराध आहे, मग मुदत उद्या संपत असली तरीही. तेव्हा कोणत्या अशिलाचे कोणते काम कोठवर आले, पुढची तारीख कोणती, फी किती घेतली आणि किती राहिली, एवढी यादी दर महिन्यास अद्ययावत करून भागीदाराजवळ किंवा विश्वासू सहव्यावसायिकाजवळ असावी.

व्याख्यानानंतर एका वृद्ध वकील गृहस्थांनी आम्हांला थांबवून विचारले, "माझ्याकडे मुलगा नाही, साहाय्यक नाही, भागीदार व्हायला या गावी कोणी तयार नाही. पोरं सगळी पुण्याला. मी काय करू?" प्रश्न खरा आहे, आणि तालुक्याच्या गावी तो उत्तरोत्तर अधिक जणांना पडणार आहे. आम्ही त्यांना सांगितले की कचेरी नीटपणे बंद करणे हीदेखील व्यवस्थाच आहे. नवे दावे घेणे थांबवावे. चालू दाव्यांतील अशिलांना एकेक करून बोलवावे, त्यांच्या पसंतीच्या वकिलाचे नाव विचारावे, त्या वकिलाला प्रकरण समोर बसून समजावून द्यावे. आगाऊ घेतलेली पण न झालेल्या कामाची फी परत करावी. मूळ खरेदीखते, मृत्युपत्रे, कबाले ज्यांचे त्यांना पोचपावती घेऊन द्यावे. त्यांच्याजवळ असे किती कागद असतील, असे आम्ही विचारले. ते थोडा वेळ आठवीत उभे राहिले, आणि म्हणाले की 1978 पासूनची दोन कपाटे आहेत. उद्या सकाळी कारकुनाला बोलावून पहिले उघडतो.